सोलापुरात लग्नाचे फोटो काढायला निघालात? आधी कामं वाटून घ्या, मग लेन्स घ्या

लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने उतरणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा कुठला घेऊ? मी उलट विचारतो, अक्षता पडताना तू कुठे उभा असणार आणि तुझा जोडीदार कुठे? ती जागा ठरली की लेन्स ठरते, आणि लेन्स ठरली की कॅमेऱ्याचा निम्मा प्रश्न सुटतो. महागडा कॅमेरा घेऊन दोघं एकाच कोपऱ्यात उभे राहिले, तर घरच्यांच्या हातात एकाच कोनातले दुप्पट फोटो पडतात आणि मुलीची आई कुठेच दिसत नाही. म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहितोय : आधी लग्न, मग माणसं, मग सामान.

१. लग्न कुणाकडचं आहे, ते नीट विचारून घ्या

सोलापुरात "लग्न" एवढं ऐकून भागत नाही. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येकाचा मुख्य क्षण वेगळा असतो. मराठी लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण. पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबातल्या लग्नात मुहूर्ताला वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, तो क्षण. त्यानंतर दोघं एकमेकांच्या डोक्यावर ओंजळी-ओंजळीने तांदूळ घालतात, तेव्हा हसणं-खिदळणं असतं आणि सर्वांत सुंदर फोटो तिथेच मिळतात. लिंगायत घरात विधी जंगम स्वामी करतात. निकाहमध्ये काझींसमोरचं "कुबूल" आणि निकाहनाम्यावरची सही चुकवून चालत नाही. बायकांची बैठक अनेकदा वेगळी असते, तिथे फोटो काढायला बाई फोटोग्राफरच लागते.

नवीन पद्धतीचं लग्न असेल तर आदल्या दिवशी गुरुजींना किंवा घरातल्या एखाद्या जाणत्या आजींना गाठा आणि विधींचा क्रम लिहून घ्या. "आजी, यात सगळ्यात महत्त्वाचं काय?" असं विचारलंत तर त्या दहा मिनिटांत जे सांगतील, ते इंटरनेटवर सापडणार नाही.

मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या मोठ्या लग्नांत अक्षतेआधी सत्कार आणि आशीर्वादाची भाषणं असतात. फेटा बांधला, नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली, की समोर बघून फोटो. नव्या पोरांना हे फोटो रटाळ वाटतात आणि ते तेवढ्यात कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपायचे फोटो, शोधत फिरतात. तसं करू नका. मुलीच्या वडिलांनी ज्यांना हात जोडून बोलावलं, ती माणसं आली होती याची घरात तेवढीच खूण राहते. एकही सत्कार सुटता कामा नये.

२. तारीख घेताना लिहून घ्यायच्या गोष्टी

तोंडी ठरलं की पुढे वाद ठरलेलाच. साधा एक कागद करा, दोन्हीकडच्या सह्या घ्या, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. त्यात एवढं असू द्या :

- कुठले कार्यक्रम : साखरपुडा, हळद, लग्न, वरात, पूजा, गोंधळ. प्रत्येकाची तारीख, वेळ, पत्ता.
- किती माणसं येणार आणि कोण काय करणार : फोटो, व्हिडिओ, ड्रोन.
- फक्त एका बाजूचं काम की दोन्ही बाजूंचं.
- एकूण रक्कम, आगाऊ रक्कम, उरलेली कधी. अल्बम छपाईला टाकण्याआधी पूर्ण रक्कम, हे स्पष्ट लिहा.
- अल्बम किती, पानं किती, फोटो निवडायचे कोणी आणि किती दिवसांत.
- तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर आगाऊ रकमेचं काय.
- तुमच्या टीमच्या जेवणाची सोय.

आणखी एक कलम आवर्जून घाला. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर त्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो, तुम्ही नाही. म्हणजे नवरीचा फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर आधी लेखी परवानगी हवी. बहुतेक घरं आनंदाने देतात. काही घरांना ते आवडत नाही आणि त्यांचा तो हक्क आहे.

दोन्हीकडचा एकेक माणूसही आत्ताच मागून घ्या. शक्यतो नवऱ्याचा चुलतभाऊ आणि नवरीची मावसबहीण अशा वयाचे, ज्यांना सगळे पाहुणे नावानिशी ओळखतात आणि जे धावपळ करू शकतात. कुटुंबाच्या फोटोंची यादी त्यांच्याकडूनच बनवून घ्या. यादीत आजी-आजोबा सर्वांत वर ठेवा. ते थकतात, पंगतीला जातात आणि मग उन्हामुळे लवकर घरी निघतात. नंतर काढू म्हणून ठेवलेला फोटो राहूनच जातो.

३. कामाची वाटणी

दोघांत काम करायचं असेल तर वाटणी माणसांची करा, विधींची करू नका. "हळद तू कर, लग्न मी करतो" अशी वाटणी उपयोगाची नाही, कारण प्रत्येक विधीला दोन बाजू असतात. मी सुचवतो ती वाटणी अशी :

पहिला फोटोग्राफर विधीला बांधलेला. गुरुजी जिथे, तो तिथे. वधू-वर, आई-वडील, मामा, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, मंगळसूत्र हे सगळं त्याच्या अंगावर. तो विधी चालू असताना जागा सोडत नाही, फोन उचलत नाही.

दुसरा फोटोग्राफर माणसांना बांधलेला. करवल्या, रुखवताच्या टेबलाजवळ उभ्या बायका, कानपिळीच्या वेळी मेव्हण्याचं आणि नवरदेवाचं चाललेलं, मंडपाच्या मागे एकटीच बसलेली नवरीची आई. पहिल्याच्या फ्रेममध्ये शिरायचं नाही, हा त्याचा एकच नियम.

सकाळी दोघं वेगळे होतात. एक नवरीच्या खोलीत, एक नवरदेवाकडे. नवरीच्या खोलीत शक्यतो बाई असावी. चुडा, साडी, मेकअप या वेळी पुरुष फोटोग्राफर दारात उभा राहिला तरी बायका अवघडतात आणि ते अवघडलेपण फोटोत उतरतं. आपल्याकडे या कामात मुली अजून कमी आहेत. तुमच्या ओळखीची कुणी शिकत असेल तर तिला दुसरी फोटोग्राफर म्हणून बरोबर घ्या आणि पैसे नीट द्या.

व्हिडिओवाला वेगळा असेल तर लग्नाच्या आधीच त्याला फोन करा. तो बहुतेक वेळा घरच्यांनी परस्पर ठरवलेला असतो आणि स्टेजवर भेट होते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याचा ट्रायपॉड कुठे, त्याचा लाइट कुणाच्या तोंडावर, हे दोन प्रश्न विचारले की बरीच भांडणं टळतात.

आणि मदतनीस. बॅटऱ्या बदलणं, लाइट धरणं, बॅगेजवळ बसणं. कार्यालयात बॅग एकटी ठेवू नका, एवढंच सांगतो.

४. अक्षतेची दहा सेकंदं

हा भाग दोनदा वाचा, कारण सगळं लग्न पुन्हा उभं करता येईल पण हे नाही.

शेवटचं "शुभमंगल सावधान" होतं, अंतरपाट निघतो, वाजंत्री एकदम सुरू होते, चारी बाजूंनी तांदूळ येतात, वधू-वर हार घालतात. जेमतेम दहा सेकंदं. त्या वेळी समोरची सगळी गर्दी उठून उभी राहते आणि पहिल्या रांगेतले पन्नास हात मोबाइल घेऊन वर जातात.

पहिल्या फोटोग्राफरची जागा अंतरपाटाच्या रेषेत, स्टेजच्या पुढच्या काठावर. तिथून पडद्याच्या डावीकडे एक चेहरा आणि उजवीकडे दुसरा, दोन्ही बाजूने दिसतात. एका बाजूला सरकलात तर पाट निघताना एकाची फक्त पाठ मिळेल. लेन्स २४-७० मिमीची झूम, साधारण ३५ वर. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना आधीच विनंती करून ठेवा की पाट समोरून ओढू नका, वर उचला किंवा मागच्या बाजूला काढा. गुरुजींनाही आधी नमस्कार करून सांगा. गुरुजी आपल्या बाजूने असले की सगळं सोपं होतं.

दुसऱ्याची जागा खाली, बाजूच्या भिंतीजवळ, दूरचं जवळ आणणारी ७०-२०० घेऊन. त्याने वधू-वरांकडे बघायचंच नाही. पाट निघतो तेव्हा आई-वडिलांकडे, मामांकडे, बहिणींकडे. शेवटच्या मंगलाष्टकाला बापाचा कंठ दाटतो आणि पाट निघाला की तो लगेच डोळे पुसून पाहुण्यांकडे वळतो. तो फोटो घेणारा दुसरा माणूस नसेल तर तो फोटोच नसतो.

व्हिडिओचा ट्रायपॉड मधल्या वाटेत, माणूस उभा राहिला तरी वरून दिसेल एवढ्या उंचीवर. खाली चौथरा किंवा भक्कम टेबल हवं. मंगलाष्टकांचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर भरवशाचा येत नाही. साउंडवाल्याकडून वायर घेऊन वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, नाहीतर गुरुजींच्या उपरण्याला छोटा माइक लावा.

आता सेटिंग. तांदळाचे दाणे हवेत थांबलेले हवे असतील तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं. दाणा समोरून गेला की कॅमेरा त्याच्यावर फोकस धरायला जातो, म्हणून डोळ्यावरचा फोकस आधी पक्का करा, किंवा पाट निघण्याआधी अंतर धरून फोकस लॉक करा. एकसारखं बटण दाबून ठेवू नका. जुन्या कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डात जाण्याआधीची तात्पुरती जागा, भरतो आणि नेमका हार घालताना कॅमेरा अडकतो. छोटे छोटे झटके द्या.

सराव हवा असेल तर सोलापूरकरांना घरबसल्या संधी आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त आणि एकाच वेळी उडणाऱ्या अक्षता. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीवर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटो राखाडी येतो, तेव्हा एक्स्पोजर किती वाढवायचं हे तिथे हाताला कळतं. दुपारच्या लग्नात पांढऱ्या टोप्या आणि फेट्यांवर तेच गणित उपयोगी येतं. भक्तांच्या वाटेत मात्र येऊ नका.

५. कॅमेरा

लग्नासाठी माझी एकच अट आहे, दोन कार्ड स्लॉट. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर फोटो उतरले पाहिजेत. कार्ड कुणाचंही, कधीही जातं.

या अटीत बसणारे जुने पण भक्कम कॅमेरे सेकंडहँड मिळतात. निकॉनचा डी७५० २०१४ चा आहे, दोन एसडी स्लॉट आहेत, आणि कमी उजेडात तो अजूनही चांगलं काम करतो. सोनीचा ए७ थ्री २०१८ चा. कॅननचा आर६ २०२० चा, त्याचा फोकस फार चांगला, पण फोर-केमध्ये ६० फ्रेमवर सलग व्हिडिओ घेतला की तो तापतो आणि सोलापूरच्या मे महिन्यात लवकर तापतो. कॅननचे आरपी आणि आर८ फोटो छान देतात, पण स्लॉट एकच. दुसऱ्या फोटोग्राफरच्या हातात ते चालतील, मुहूर्तावर उभ्या माणसाच्या हातात नकोत.

सेकंडहँड घेताना शटर किती वेळा पडलंय ते बघा. डी७५० चं शटर दीड लाखासाठी आणि ए७ थ्रीचं दोन लाखांसाठी तपासलेलं असतं. लग्नाचं काम केलेला कॅमेरा हा आकडा भराभर गाठतो. दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःची कार्डं घालून बघा, फ्लॅश बसवून उडवून बघा, सेन्सरवरचे डाग बघायला एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, आकाशाचा फोटो काढा.

पैसे कमी असतील तर? कॅमेरा साधा घ्या आणि लेन्स चांगली. तेही जमत नसेल तर भाड्याने घ्या. भाड्याच्या दुकानात आधार कार्ड आणि अनामत रक्कम लागते. सामान हातात घेताना काचेचा, माउंटचा आणि बॅटरीच्या दाराचा व्हिडिओ काढून ठेवा. लग्नसराईत सामान आधीच बुक झालेलं असतं, तारीख पक्की झाली त्याच दिवशी सांगून ठेवा.

दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर बॅटऱ्या, लेन्स, फ्लॅश एकमेकांना चालतात आणि रंगही जुळतात. वेगळ्या कंपन्या असतील तर अल्बममध्ये एकाच शालूचा रंग दोन पानांवर दोन दिसतो. जोडीदार निवडताना हे बघा.

६. लेन्स

पहिल्याकडे २४-७० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). दुसऱ्याकडे ७०-२०० एफ/२.८. दोघांच्या मिळून बॅगेत एक ३५ किंवा ५० ची एफ/१.८ लेन्स, जिची किंमत कमी आणि वरातीत उपयोग सर्वांत जास्त.

७०-२०० जड आणि महाग आहे. ती परवडत नसेल तर ८५ एफ/१.८ घ्या. फक्त चालावं जास्त लागेल. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स ५० सारखी दिसते, ५० ची लेन्स ८० च्या आसपास, हे लक्षात ठेवून घ्या. लहान घरातल्या हळदीला क्रॉपवर ५० लावून गेलात तर पाठ भिंतीला टेकेल आणि तरी नवरी मावणार नाही.

७. कार्यालयातला उजेड

नवीन माणूस इथेच सर्वांत जास्त फसतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलंत तर फरक जाणवत नाही. वेगवान शटरवर, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरवर, फोटोत काळे-पिवळे पट्टे येतात. व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५०. मग अक्षतेच्या १/२५० चं काय? तिथे फ्लॅश वापरा, किंवा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करा, आणि शटर मेकॅनिकल ठेवा. स्टेजमागची एलईडी वॉल स्वतःच्या वेगळ्याच गतीने लुकलुकते. तिचे पट्टे येतात का ते हॉल रिकामा असतानाच दोन-चार फोटो काढून बघून घ्या.

फ्लॅश छतावर उडवायचा, हे सगळे शिकवतात. पण कार्यालयात छताला गुलाबी-जांभळं कापड लावलेलं असेल तर तोच रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. अशा वेळी स्टँडवर पांढरी छत्री लावून फ्लॅश बाजूला ठेवा. दोघांकडे फ्लॅश दुरून उडवणारे एकाच कंपनीचे ट्रिगर असतील तर चॅनेल वेगळे करा, नाहीतर याने बटण दाबलं की त्याचा फ्लॅश उडतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. दोघांनी मिळून एक केल्विन आकडा (उजेडाच्या रंगाचं माप) ठरवा आणि जनरेटर चालू झाला की पुन्हा तपासा.

८. हळद, ऊन, वरात

हळदीचं पाणी लेन्सच्या कड्यात शिरलं की नंतर कड्या करकरतात. पुढे यूव्ही फिल्टर, वरून पारदर्शक पिशवी, आणि लेन्स अजिबात बदलायची नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. बंद गाडीत कॅमेरा आणि बॅटऱ्या ठेवू नका. ओला सोलापुरी टॉवेल तुमच्या डोक्यावर असू द्या, कोरडा बॅगेवर. वरातीत हलगीजवळ धूळ आणि फटाक्यांची राख उडते, तिथेही लेन्स बदलायची नाही. म्हणूनच दोघांकडे वेगळ्या लेन्स.

९. ड्रोन आणि बाहेरचे फोटो

ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा असेल तर प्रमाणपत्र असलेलाच माणूस घ्या. होटगी रोडला विमानतळ आहे आणि आता तिथून विमानं उडतात, म्हणून ठिकाण कुठलंही असो, सरकारच्या ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर ते कुठल्या रंगाच्या क्षेत्रात येतं हे आधी बघा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे ड्रोनचा विचारही करू नका. घोड्यावरच्या नवरदेवाच्या डोक्यावर ड्रोन खाली आणू नका, घोडा बिथरतो.

जोडीचे फोटो भुईकोट किल्ल्यात काढायचे असतील तर ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड, लाइट किंवा व्हिडिओसाठी आधी परवानगी विचारा.

१०. घड्याळ आणि कार्ड

निघण्याआधी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच मोबाइलवरून सेकंदापर्यंत जुळवा, आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्या मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढा. हे राहिलं तर संगणकावर दोघांचे फोटो एकत्र केल्यावर पाठवणी आधी आणि सप्तपदी नंतर येते, आणि हजारो फोटो हाताने लावत बसावं लागतं. फाइलच्या नावाची पहिली अक्षरंही वेगळी ठेवा.

२४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस केलेली एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो. कार्यक्रमाप्रमाणे कार्ड बदला. भरलेलं कार्ड वेगळ्या डबीत, आणि ती डबी बॅगेत नाही, अंगावरच्या बंद खिशात.

बॅगेची यादी, रात्रीच तपासून ठेवायची :

- कॅमेरे दोन आणि एक राखीव, भाड्याचा का असेना
- प्रत्येक कॅमेऱ्याला तीन बॅटऱ्या, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड
- फ्लॅश दोन, ट्रिगर, स्टँड, पांढरी छत्री, भरपूर सेल
- कार्डं, डबी, ब्लोअर, मऊ कापड, पारदर्शक पिशव्या, चिकटपट्टी
- लग्नपत्रिका, विधींचा क्रम, कुटुंबाच्या फोटोंची यादी, दोन्हीकडच्या माणसांचे नंबर
- कराराची प्रत, ओळखपत्र, ड्रोन असेल तर त्याचे कागद

११. लग्नानंतर

त्याच रात्री, कितीही थकलात तरी, कार्डं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. एक डिस्क तुमच्या घरी, दुसरी जोडीदाराच्या घरी. अल्बम हातात जाईपर्यंत मूळ कार्डं पुसू नका, परवडत असेल तर नवी घ्या.

दुसऱ्या दिवशी थोडे फोटो निवडून घरच्यांना पाठवा, आणि त्यात हार घालतानाचा किंवा मंगळसूत्राचा, दोघांचे चेहरे स्वच्छ दिसणारा एक साधा फोटो नक्की असू द्या. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात आणि तेव्हा सगळ्यांची पळापळ होते. त्याच्या दोन प्रती छापून पाकिटात घालून दिल्यात, तर नवरीचे वडील पुढच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या कुणाला फोन करणार नाहीत.